केशराचं पाणी

मालिम हातिबूंचा आवाज गोड होता, आणि तो गोड आहे हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. लामू बेटावरच्या गावात, मागच्या गल्लीत त्यांचा मदरसा. अर्ध्या गावाने पहिली अक्षरं त्यांच्याचसमोर मांडी घालून गिरवलेली. लग्न असो की मयत, कुराण वाचायला आधी मालिमांना बोलावणं जाई. ते रस्त्याने निघाले की दुकानदार उठून उभे राहत. मालिम हात हलवून "असू द्या, असू द्या" म्हणत. पण एखादा बसून राहिला, तर घरी पोचेपर्यंत तो त्यांच्या डोक्यातून जात नसे.

शाबानचा महिना लागला तशी बी तिमा त्यांच्याकडे आली. तिची सून शुवेखा पोटुशी होती. याआधी दोनदा तिचे दिवस वाया गेले होते. या खेपेला सातवा पार पडला, म्हणून बी तिमाने किंबाजीला जायचा नवस फेडायचं ठरवलं होतं. किंबाजीच्या पडक्या गावात तिच्या घराण्याच्या मूळ पुरुषाची कबर होती, उंच खांबाची. मालिमांनी तिथे येऊन वाचन करावं, आणि सुनेसाठी केशराचं पाणीही करून द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. मालिम आनंदाने हो म्हणाले.

निघायच्या दिवशी पहाटेच ते बी तिमाच्या ओट्यावर जाऊन बसले. झग्याच्या अस्तन्या कोपरापर्यंत सारल्या, पांढऱ्या ताटलीत केशराच्या शाईने कुराणातल्या आयती लिहिल्या, मग गुलाबपाण्याने ती अक्षरं धुऊन ते पिवळं पाणी एका बाटलीत ओतलं. वरून साधं पाणी घालून बाटली भरली. शुवेखा समोर बसून ताटली धरत होती. ही बाटली कबरीला लावून घ्यायची आणि घरी आल्यावर तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर हे प्यायचं, असं त्यांनी तिला समजावलं. बी तिमाने तळलेल्या गरम महाम्रीचं, गोड पुऱ्यांचं ताट पुढे केलं तेव्हा मालिमांनी ते हलकेच मागे सारलं आणि आज आपला रोजा असल्याचं सांगितलं. सांगितलं ते आत चुलीपाशी बसलेल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हा रोजा कोणी सक्तीचा केलेला नव्हता. रमझान अजून लागायचा होता.

होडी होती नाखवा ओबोची. ओबो उत्तरेकडच्या बेटांवरचा, बाजूनी जमातीचा माणूस. कमरेला किकोयची लुंगी, तोंडात कायम काहीतरी चघळणं. मशिदीत शुक्रवारी दिसला तर दिसला. बी तिमाचा भाऊ फामाऊ चढताना फळ्यांवर पाय आपटून म्हणाला, "काय रे ओबो, ही तुझ्या आजोबांपेक्षा म्हातारी दिसते."

"आजोबा गळायचे," ओबो म्हणाला, "ही नाही गळत."

बायका हसल्या. मालिम हसले नाहीत.

भरतीच्या पाण्यावर होडी तिवरांमधून आत शिरली. उतरवतानाच ओबोने सगळ्यांना बजावलं की वाचन करा, जेवा आणि दुपारच्या आत होडीत या. ओहोटी लागली की या खाडीत नुसता चिखल उरतो. "खाडी काय माझी मेहुणी नाही," तो म्हणाला, "थांब म्हटलं की थांबायला."

किंबाजीत आता शेळ्या आणि गोरखचिंचा एवढंच नांदतं. मशिदीला छप्पर नाही, पण मिहराबाची कमान शाबूत आहे. मोठ्या घराच्या भिंती अजून माणसापेक्षा उंच, आणि त्यांत कोनाड्यांच्या रांगा. बी तिमा त्या घराला "आमचं घर" म्हणायची आणि उंबऱ्यावर चप्पल काढून आत जायची. बायकांनी खांब धुतला, त्याला पांढरं कापड बांधलं, ऊद पेटवला. मालिमांनी वाचायला सुरुवात केली.

त्या दिवशी पाटे बेटावरून आलेली आणखी एक मंडळी तिथे होती. आवाज ऐकून ती जवळ आली. त्यांच्यातला एक म्हातारा मान डोलावू लागला, दोघी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मालिमांच्या अंगावर रोमांच उठले. एवढ्यात चिखलाचे पाय घेऊन ओबो आला आणि भिंतीपाशी उभा राहिला. त्याने पाण्याच्या दिशेला बोट दाखवलं. मालिमांनी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पुढचं प्रकरण घेतलं. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. मालिमांनी डोळे मिटले आणि आवाज आणखी चढवला. पाटेच्या मंडळीने मालिमांचे हात डोळ्यांना लावले आणि ती लगबगीने आपल्या होडीकडे पळाली. ती वेळेत बाहेर पडली. बी तिमाची माणसं जेवणाची भांडी आवरून खाली पोचली तेव्हा ओबोची होडी चिखलात कुशीवर आडवी झाली होती.

ओबोने शिव्या दिल्या नाहीत. आता संध्याकाळच्या भरतीशिवाय सुटका नाही, एवढंच म्हणाला आणि मालिमांकडे पाहिलं. फामाऊ मात्र ओबोवरच खेकसला, की नाखवा कशाला म्हणवतोस स्वतःला.

खरी अडचण पाण्याची होती. दुपारी घरी परतायचं म्हणून एकच कॅन आणला होता. त्यातलं बरंचसं भाताला गेलं, काही वुजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला गेलं, उरलेलं बायकापोरांनी संपवलं. पडक्या गावातल्या विहिरीचं पाणी खारट. फोन त्या बाजूला लागत नाहीत. ऊन असं चढलं की दगडावर हात टेकवेना. शुवेखाला दोनदा उलटी झाली आणि ती गोरखचिंचेखाली सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. उरलं होतं ते केशराचं पाणी. बी तिमाने बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती मोठ्या घरात कोनाड्यात सावलीला ठेवली होती. असर होईपर्यंत कसं तरी थांबू या, म्हणजे नवसही पुरा होईल आणि पोरीच्या घशाला ओलही मिळेल, असं सगळ्यांचं ठरलं.

त्या घरातली सावली सगळ्यात गार. ती मालिमांना मिळाली. रोजा धरलेला वयस्कर माणूस, सकाळपासून घसा फोडून वाचतोय, म्हणून फामाऊने होडीचं शीड आणून तिथे अंथरलं आणि सगळ्यांना लांब जायला सांगितलं.

मालिमांना झोप आली नाही. जीभ टाळूला चिकटली होती. भिंत हलतेय असं वाटत होतं. छातीत धडधड सुरू झाली तेव्हा ते घाबरले. हाक मारून सांगावं, मला चक्कर येतेय, असं मनात आलं. नफलचा, म्हणजे आपखुशीने धरलेला रोजा सोडला तर पाप लागत नाही, हे त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. पण सकाळी ओट्यावर आपण किती मोठ्याने बोललो होतो, ते त्यांना आठवलं. ते उठले ते बाटलीवरचं ओलं फडकं कपाळाला लावायला. मग ओठ ओले करायला म्हणून झाकण काढलं. गुलाबाचा वास आला. एक घोट घ्यायचा, असं ठरवून त्यांनी बाटली तोंडाला लावली, आणि ती खाली आली तेव्हा तळाशी केशराच्या दोन काड्या चिकटलेल्या होत्या.

त्यांनी डाव्या अस्तनीने दाढी पुसली. झाकण घट्ट लावलं, फडकं होतं तसं गुंडाळलं आणि बाटली होती तशी कोनाड्यात उभी केली. अस्तनीवर पिवळा डाग पडलेला दिसला तेव्हा अस्तन्या वर सारल्या. बाहेर पडताना दाराशी ओबो भेटला, शीड न्यायला आला होता. त्याने मालिमांच्या दाढीकडे पाहिलं, मग हाताकडे. मालिम मशिदीकडे चालू लागले.

असर झाली. बी तिमा बाटली आणायला गेली आणि रिकामी बाटली घेऊन आली. आधी कोणाला समजेचना. मग एकदम सगळे बोलू लागले. घराकडे कोण गेलं होतं? ओबो गेला होता, शीड काखेत मारून येताना दोघींनी पाहिला होता. फामाऊने त्याची गचांडी धरली.

"पोटुशीच्या तोंडचं पाणी प्यायलास? आयती होत्या रे त्यात!"

ओबो म्हणाला, "मी नाही प्यायलो."

"मग काय भिंत प्यायली? तिथे तू आणि मालिम. मालिमांचा रोजा आहे." फामाऊ मालिमांकडे वळला. "मालिम, तुमचा डोळा लागला होता ना?"

सगळे मालिमांकडे पाहत होते. शुवेखासुद्धा, मांडीवरून मान न उचलता.

"हो," मालिम म्हणाले, "लागला होता."

एवढे तीन शब्द बोलताना त्यांचा आवाज जराही कापला नाही, आणि याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

ओबोने फामाऊचा हात झटकला. तो चिखलात उतरला आणि तिवरांतून पलीकडे निघाला. पळाला, असं कोणीतरी म्हणालं. पण होडी टाकून नाखवा पळत नाही. ऊन कलल्यावर तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर शहाळ्यांचा घड होता. पलीकडच्या कोळ्यांच्या वस्तीवरून त्याने ती आणली होती. तिवरांच्या मुळांना चिकटलेल्या शिंपल्यांनी त्याचे पाय कापले होते, पावलं रक्ताळली होती. पहिलं शहाळं त्याने शुवेखाला फोडून दिलं. ती प्यायली, आणि थोड्या वेळाने उठून बसली. बायका आपसांत म्हणाल्या, मन खात असेल मेल्याला, म्हणून गेला धावत.

मालिमांसाठी ओबोने एक शहाळं बाजूला ठेवलं. "तुमचं मगरिबला, मालिम," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मालिमांना बरं वाटलं असतं.

सूर्य बुडाला. खाडीत पाणी भरू लागलं होतं, पण कोणी हललं नाही. मालिमांचा रोजा सुटायचा होता. बी तिमाने पदराच्या गाठीतून खजूर काढून दिला. फामाऊने दोन्ही हातांनी शहाळं पुढे धरलं. मालिमांनी रोजा सोडताना म्हणायची दुआ म्हटली. घास घशाखाली उतरेना. "बघा, किती कोरड पडलीय," बी तिमा कळवळून म्हणाली, आणि तिने मालिमांच्या पाठीवरून हात फिरवायला आपल्या मुलाला, शुवेखाच्या नवऱ्याला पुढे पाठवलं. मालिमांना वाटलं, आत्ता इथे भुई दुभंगावी.

होडी सुटल्यावर त्यांच्याने राहवलं नाही. ते होडीच्या मध्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "भावांनो, नाखव्याला दोष देऊ नका. गुन्हेगार मी आहे. या पाण्याचा हिशेब अल्ला माझ्याकडे मागेल. तहान आमच्या सगळ्यांच्याच नफ्सला, या आतल्या हावेला, लागते, आणि मी तर सगळ्यांत दुबळा."

आवाज नेहमीसारखाच गोड लागला. मग बी तिमा रडू लागली. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेणारी अशी माणसं आहेत म्हणून हे जग चाललंय, असं ती म्हणाली. फामाऊने मालिमांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि ओबोकडे पाहून म्हणाला, "बघ, शिक काहीतरी." ओबो सुकाणूवर होता. तो पाण्यात थुंकला.

मालिम "नाही, खरंच" असं काहीतरी पुटपुटले. पुन्हा उठले नाहीत. आपण सांगून मोकळे झालो, लोकांनी मानलं नाही त्याला आपण काय करणार, असं त्यांनी रात्रभर मनाला समजावलं. मन समजलं नाही.

पुढच्या दिवसांत गोष्ट गावभर झाली. मालिमांसमोर पूर्वी उठणारे दुकानदार आता त्यांचा हात हातात घेऊन सोडेनात. बायका ओबोच्या होडीत बसेनाशा झाल्या. धक्क्यावर तो दिवसभर रिकामा बसे आणि शेजारच्या होड्या भरून जात. अशात शुवेखाच्या पोटात कळा आल्या. दिवस भरले नव्हते. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं. बी तिमा येईल-जाईल त्याला सांगू लागली की ते पाणी पोटात गेलं असतं तर ही वेळ आली नसती. पाण्याचा चोर सुखाने मरणार नाही, असा शापही तिने दिला. तो तिने मालिमांच्या समोर, त्यांना चहा देता देता दिला.

त्या संध्याकाळी मालिम किनाऱ्यावर ओबोकडे गेले. होडी वाळूवर ओढलेली होती, ओबो तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडत होता. मालिमांनी विचारलं, "तू मला पाहिलं होतंस. बोलला का नाहीस?"

"कोणी ऐकलं असतं?" ओबो खरवडतच राहिला.

"मी सांगितलं की. होडीत सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी मानलं नाही."

ओबोने हात थांबवला. "मालिम, तुम्ही वाचन केलंत. सांगितलं नाही. चोरी केलेला माणूस असा उभा राहून गोड गळ्याने बोलतो होय? तो म्हणतो, मी घेतलं, इथून घेतलं, असं घेतलं. आणि तुम्ही बोलत होता तेव्हा अस्तन्या वर सारलेल्या होत्या तुमच्या. मी बघत होतो, आता खाली सोडतील, मग सोडतील."

ते खरं होतं. लोक मानणार नाहीत अशाच शब्दांत आपण कबुली दिली, आणि ते शब्द निवडताना आपल्याला ते माहीत होतं. त्यांचे कान तापले. पंचवीस-तीस वर्षं पोरांच्या छोट्या छोट्या लबाड्या त्यांनी पकडल्या होत्या, आणि ही स्वतःची मात्र एका नाखव्याने पकडून दिली होती.

ते घरी गेले. न धुतलेला झगा पेटीच्या तळाशी दडवलेला होता, तो काढला. दुसऱ्या दिवशी मदरसा सुटल्यावर ते बी तिमाकडे गेले. फामाऊलाही बोलावून घ्या म्हणाले. शुवेखा आतल्या खोलीत पलंगावर होती, दार उघडं होतं. मालिम उंबऱ्यावरच बसले. कोणी खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही.

"मी पाणी प्यायलो," ते म्हणाले. घसा बसल्यासारखा झाला होता. "मला चक्कर आली. फडकं घ्यायला उठलो. झाकण काढलं. एक घोट घेणार होतो, सगळं प्यायलो. मग झाकण लावलं आणि फडकं गुंडाळून ठेवलं, कळू नये म्हणून. फामाऊ, तू विचारलंस तेव्हा मी जागा होतो. खोटं बोललो. हे बघा." त्यांनी झगा पुढे केला.

बी तिमाने डाग पाहिला आणि मान हलवली. सकाळी आयती लिहिताना पडला असेल, मालिमांनी उगाच जीव जाळून घेऊ नये, म्हणाली. फामाऊ म्हणाला की ओबोनेच येऊन पाया पडून मालिमांना गळ घातली असणार.

मग आतून शुवेखा बोलली. "आई, लिहिताना त्यांच्या अस्तन्या वर होत्या. ताटली मी धरली होती." मग तिने विचारलं, "मालिम, मी तिथे पडले होते. मला दिसत होतात तुम्ही मशिदीत जाताना. एक हाक मारली असतीत, मला तहान लागलीय म्हणून, तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलंस," मालिम म्हणाले.

"मग?"

सांगायचं तर त्या सकाळच्या महाम्रीच्या ताटापासून सांगावं लागलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि ते तसेच रडले, नाकातून पाणी येईपर्यंत, जसं पोरं रडतात. कोणी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. बी तिमा उठून आत गेली. फामाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिकडेच पाहत तो म्हणाला, "आता जा तुम्ही, मालिम." या घरात त्यांना जा म्हणून कोणी सांगण्याची ही पहिलीच वेळ.

शुवेखाला रमझानात मुलगी झाली. नाजूक होती, पण जगली. तिच्या कानात अजान द्यायला बी तिमाने दुसऱ्या गल्लीतल्या तरुण मालिमाला बोलावलं. मदरशातली काही मुलं गेली, काही राहिली. दुकानदारांपैकी कोणी उठे, कोणी कामात असल्यासारखं करी. जे उठत त्यांच्याकडे मालिमांना बघवत नसे.

फामाऊ धक्क्यावर जाऊन ओबोला काय म्हणाला ते कोणी ऐकलं नाही, पण ईदच्या दुसऱ्या दिवशी बी तिमाच्या घरच्या बायका ओबोच्या होडीत बसल्या, आणि मग बाकीच्याही बसू लागल्या.

मालिमांनी त्याच्याशी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला नाही. एकदा पलीकडच्या किनाऱ्यावर एका मयतीला जायचं होतं आणि धक्क्याला ओबोचीच होडी लागलेली होती. मालिम वरच्या पायरीवर घुटमळले. ओबोने त्यांना पाहिलं, दोरी सोडता सोडता म्हणाला, "यायचंय ना? मग बसा. मध्ये नको, तिकडे टोकाला बसा. मध्ये बायका बसतील."

मालिम टोकाला जाऊन बसले. झग्यावर लाटांचे शिंतोडे उडत राहिले. पलीकडे पोचेपर्यंत होडीत कोणी त्यांना काही वाचायला सांगितलं नाही, आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही.